भित्यापाठी ब्रह्मराक्षस

(वस्तीतल्या वाचनालयात रविवारी रात्री पोरापोरींसमोर बोललो, त्याचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय. दोनदा आलेलं तेवढं काढलं.)



मी मॅट्रिक झालेला माणूस. पुढं गेलो नाही, गोदीत गेलो. तुमच्यातले काही कॉलेजात भाषा शिकतात. मी जेटीवर शिकतो. तिथं शब्द म्हणजे अवजार असतं. हाबिस म्हटलं की माल वर जातो, आरिया म्हटलं की खाली येतो. हा आरिया पोर्तुगीज खलाशांनी मागं टाकलेला शब्द, अजून चालू आहे. शब्द चुकला किंवा ऐकायला चुकला तर खाली उभा असलेला माणूस चेपतो. म्हणून शब्द हातात घेताना उलटापालटा करून बघायची सवय लागलीय. आज एकच शब्द बघायचाय. भ्याड.

हा शब्द का, ते आधी सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी दुपारच्या पाळीला आम्ही स्टीलच्या कॉइल उतरवत होतो. उचलायच्या वायरच्या तारा तुटून बाहेर आलेल्या. हात लावला तर हातमोज्यात घुसायच्या. मी मुकादमाला म्हणालो, वायर बदल, मी खाली जाणार नाही. तो सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, "हातात बांगड्या भरल्यात का रे? कविता करणारे सगळे भ्याडच असतात." बाकीचे पण हसले. आमच्यात एक नवं पोरगं होतं, उत्तरेकडचं, दाढीही नीट न फुटलेलं. ते माझ्याकडं न बघता खाली गेलं. आपण भ्याड नाही हे दाखवायला गेलं. वायर तुटली. कॉइल त्याच्या अंगावर आली नाही, कडेला पडून पायावर घसरली. पोरगं जिवंत आहे. डाव्या पायाची बोटं गेली.

आता नीट ऐका. त्या पोराला खाली कुणी ढकललं? हात कुणीच लावला नाही. शब्दानं ढकललं.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. आजचं भाषण त्याचंच. यातली एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. ती शेवटी सांगतो, कारण आधी सांगायची मला भीती वाटते.

आधी शब्दाचं घर बघू. भ्याड हा भिणं या क्रियापदाच्या घरातला. भिणं आलं 'भी' या जुन्या धातूपासून. भय, भीती, भीरु, भीषण, भित्रा, सगळी एकाच खोलीत वाढलेली भावंडं. आणि याच खोलीत अजून एक भाऊ आहे. त्याचं नाव भीम.

तुम्ही चमकलात. मीही चमकलो होतो. वाचनालयातल्या सरांनी पुस्तक काढून दाखवलं तेव्हा पटलं. पाणिनीच्या व्याकरणात तिसऱ्या अध्यायात यावर चक्क एक सूत्र आहे. ते सांगतं की भीम आणि त्याच्या जातीचे शब्द 'ज्याच्यापासून' या अर्थानं घ्यायचे. म्हणजे भीरु तो, जो भितो. भीम तो, ज्याच्यापासून दुसरे भितात. धातू एकच. फक्त भीती कुठून कुठं जाते ते बदललं. एकाच मातीचं मडकं, कुणाच्या गळ्यात आणि कुणाच्या पाणवठ्यावर, एवढाच फरक.

गळ्यातलं मडकं मी अलंकार म्हणून नाही सांगत. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाला थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं बांधावं लागायचं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात लिहून ठेवलंय. कमरेला खराटा, मागची पावलं पुसायला. मग तोच समाज म्हणतो, "शिर सलामत तो पगडी पचास." कुणाची पगडी? ज्याला शिरही नीट वर करून चालता येत नव्हतं त्याला पन्नास पगड्यांची म्हण कशाला? ही म्हण पगडीवाल्यांची आहे. जीव वाचवून सटकणं त्यांच्या बाबतीत शहाणपण ठरतं. आपल्या बाबतीत भ्याडपणा.

खोटं वाटत असेल तर तपासा. युद्धातून पळालेला कृष्ण रणछोड झाला. डाकोरला त्याचं देऊळ आहे, लोक पोरांची नावं रणछोडदास ठेवतात. देव पळाला तर लीला. दुसरा बाजीराव पळाला. त्याला लोकांनी पळपुटा म्हटलं, हे खरं. पण त्या पळपुट्याला इंग्रजांनी वर्षाला ८ लाख रुपयांचा तनखा दिला आणि बिठूरला गंगेकाठी नेऊन बसवला. १८१८ सालचे ८ लाख! पळून मिळालेली एवढी पेन्शन गोदीत घाम गाळून कुणाला मिळाल्याचं मी ऐकलं नाही.

आता माझ्या आज्याची गोष्ट.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे काय? आपल्या वस्त्या पेटवल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना मारलं. आमच्या गावात आमची घरं जाळली. आजा, आजी आणि दोन पोरं रात्री उभ्या ज्वारीतून निघाली. एक पोर आज्याच्या खांद्यावर, एक आजीच्या कडेला. तो कडेवरचा माझा बाप. पहाटे ठेसनावर, तिथनं मनमाड, मनमाडवरनं मुंबई. आज्यानं गोदीत गोण्या उचलल्या त्या कंबर मोडेपर्यंत. आणि गावाकडचे, आपलेच लोक, लग्नाकार्यात भेटले की म्हणायचे, "तू पळपुटा. आम्ही राहिलो." आजा मान खाली घालून जेवायचा.

मी दहावीत असताना भांडणाच्या भरात त्याला तोच शब्द मारला. नुकताच पोचिराम कांबळ्यांबद्दल वाचून आलो होतो. म्हणालो, "लोक मेले, तू पळून आलास." आजा खाटेवर होता. चिडला नाही. म्हणाला, "लेका, पळालो न्हाई. पोरं उचलून आणली. वझं घिऊन कोण पळतंय व्हय?"

हमालाचा हिशेब आहे हा. ओझं घेऊन पळता येत नाही. ओझं घेऊन फक्त वाहता येतं. मला हे कळायला गोदीत पाच वर्षं काढावी लागली. तोवर आजा गेला होता. त्याला जे म्हणायचं होतं ते मी आज तुमच्यासमोर म्हणतो. आजा, तू भ्याड नव्हतास.

आता बांगड्या. शब्दकोशातली गंमत बघा. भित्र्या माणसाला मराठीत काय म्हणतात? भागूबाई. बायल्या. बांगड्या भर, लुगडं नेस. ज्या संस्कृतात पुरुषाला भीरु म्हटलं की शिवी, त्याच संस्कृत काव्यात नायक बाईला लाडानं 'हे भीरु' म्हणतो. पुरुषात जो दोष तो बाईत दागिना. गीतेत अर्जुन धनुष्य खाली ठेवतो तेव्हा कृष्ण त्याला म्हणतो तो शब्द आहे क्लैब्य. क्लैब्य म्हणजे नपुंसकपणा. तिथनं थेट आजच्या 'नामर्द'पर्यंत आणि तृतीयपंथीयांच्या नावानं शिवी देण्यापर्यंत सरळ रस्ता आहे.

आणि हाच अर्जुन त्याच महाभारतात विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन हातात कंकणं घालून वर्षभर राहिला. विराटाचा पोरगा उत्तर राजवाड्यात बायकांपुढं बढाया मारून रणात गेला, कौरवांची फौज बघितली आणि रथातून उडी टाकून पळत सुटला. त्याला धरून आणून रथावर कुणी बसवलं? बांगड्या घातलेल्या बृहन्नडेनं. लढलं कोण? तीच. त्यांच्याच पोथीत लिहिलंय. पण म्हण मात्र बांगड्यांची झाली, उत्तराच्या पळण्याची झाली नाही.

माझी आजी त्या रात्री जळत्या घरात परत गेली होती. पोरगं आत राहिलं होतं म्हणून. हातात काचेच्या बांगड्या होत्या. तापलेल्या काचेचे डाग तिच्या मनगटावर मरेपर्यंत होते. मुकादम मला बांगड्यांचं बोलला तेव्हा मला राग आला, तो स्वतःसाठी नाही. त्याला बांगडी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं.

पण मित्रांनो, मुकादमाला नावं ठेवून सुटका नाही. आपणही मोर्चे काढतो आणि अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतो. टाळ्या पडतात, फोटो येतो. १९२७ ला महाडला आपण मनुस्मृती जाळली आणि तिचाच शब्द पुडक्यात बांधून कलेक्टरच्या टेबलावर ठेवतो. मोर्चात आपल्या पुढं चालणाऱ्या बायकांच्या हातात त्याच बांगड्या असतात, याची तरी लाज वाटायला हवी. हे मी आज इथं मांडतो. पटत नसेल तर उठून भांडा, पण यापुढं आहेर नको.

दुसऱ्या भाषांतही डोकावलो. बुजदिल हा फारसी. बुज म्हणजे बकरी. बकरीच्या काळजाचा. इंग्रजीतला कावर्ड लॅटिनमधल्या शेपटीच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. म्हणजे आपलं 'शेपूट घालणं' तिकडंही आहेच. सगळीकडं भित्र्याला जनावर नाहीतर बाई केलंय. माणूस म्हणून कुठंच ठेवला नाही. का? कारण एकदा माणसातून काढला की त्याच्याशी कसंही वागता येतं. ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

ही युक्ती सरकारनंही वापरली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला भीमेच्या काठी जे लढले त्यांच्या स्तंभावर 'नाक' लावलेली २२ नावं आहेत. ती महारांची. पुढं इंग्रजांनी लढवय्या जातींचं शास्त्र काढलं. कोण जन्मानं शूर, कोण जन्मानं नाही, याच्या याद्या केल्या. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद. कोरेगावला मेलेल्यांची नातवंडं रातोरात न लढणाऱ्या जातीची झाली. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतले पेन्शनर, त्यांनी १८९४ साली अर्ज केला. उपयोग झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा, १९४१ साली, महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे गरज लागली की आपण शूर, गरज संपली की नाही. आणि दुसरीकडं, ज्या जमाती कुणाला भीत नव्हत्या त्यांना १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा जायला १९५२ उजाडलं. भ्यालास तर भ्याड, नाही भ्यालास तर गुन्हेगार. यादी करणारा कोण, एवढंच बघायचं.

आता सगळ्यात मोठी म्हण. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. लहानपणी अंधाराला भ्यालो की आई म्हणायची. अर्थ असा की भिणाऱ्याच्याच मागं भूत लागतं. न भिणाऱ्याला भूत दिसत नाही. म्हणजे दोष भुताचा नाही, भिणाऱ्याचा. किती सोयीची म्हण आहे ही! १९७८ ला घर जळत होतं ते काय मनातलं भूत होतं? वायर तुटली ती कल्पनेतली होती?

आणि भूत तरी कुठलं निवडलंय? साधा मुंजा नाही, हडळ नाही. ब्रह्मराक्षस. मेलेल्या ब्राह्मणाचं भूत. मेल्यावरही पिंपळावरचा अधिकार सुटलेला नाही. ही म्हण कुणी केली मला ठाऊक नाही, पण करणारा खरं बोलून गेला. आपल्या पाठीमागं हजारो वर्षं धावतंय ते नेमकं तेच. आणि ते काही मनातून जात नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी दाखवलं की त्याला उतरवायचा मंत्र नाही, काडी आहे.

त्याच महाडची आधीची गोष्ट लक्षात ठेवा. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन माणसं परतली आणि त्यांच्यावर लाठ्या घेऊन लोक तुटून पडले. आपल्यात पलटणीतून आलेली माणसं होती. उलट मारायची त्यांची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. तेव्हाही कुणी भ्याड म्हटलं असेल. पण जो मारू शकतो आणि ठरवून मारत नाही तो वेगळा, आणि जो मारायला शंभर जण गोळा करतो तो वेगळा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरावर जमाव चालून गेला. घरात होती किती माणसं? एक आई, एक पोरगी, दोन पोरगे. एवढ्यांना मारायला जमाव लागतो, तो कशाला भ्यालेला असतो? शिकणाऱ्या पोरीला भ्यालेला असतो. सायकलला, वहीला, पक्क्या भिंतीला भ्यालेला असतो. लग्नात घोड्यावर बसलेल्या नवऱ्यामुलाला भितो, फोनवर वाजणाऱ्या बाबासाहेबांच्या गाण्याला भितो. मग व्याकरणानं सांगा, भीरु कोण आणि भीम कोण?

आता एक शेवटचा वाक्प्रचार आणि मग ती राहिलेली गोष्ट.

पाचावर धारण बसणे. घाबरून गर्भगळीत होणे. धारण म्हणजे धान्याचा भाव. भाव पाचावर जाऊन बसला की माणसाच्या पोटात गोळा यायचा, असा त्याचा उलगडा सांगतात. मला हा उलगडा पटतो. इथं बकरी नाही, बाई नाही, शेपूट नाही. इथं भीतीचा खरा पत्ता आहे. भीती छातीत नसते, पिठाच्या डब्यात असते. डबा रिकामा असला की वाघाचीही धारण पाचावर बसते.

पण भरल्या डब्याचीही भीती असते. महाभारतात भीष्म आहे. हा भीष्मही त्याच 'भी'चा पोरगा, भीमासारखाच, ज्याला जग भ्यावं असा. द्रौपदीला सभेत ओढत आणली तेव्हा हा बसून राहिला. नंतर युद्धाच्या तोंडावर धर्मराजाला स्वतःच सांगतो की माणूस पैशाचा गुलाम आहे, कौरवांनी मला पैशानं बांधलंय. एवढा मोठा योद्धा, आणि कारण काय? पगार! पण भीष्माला भ्याड म्हणून कुणी हाक मारत नाही. पितामह म्हणतात.

आता माझी गोष्ट. त्या पोराचा पाय गेल्यावर चौकशीला माणसं आली. वही घेऊन. विचारलं, वायर कशी होती? मुकादमानं काही सांगितलं होतं का? कोण कोण हजर होतं? आम्ही सहा जण ओळीनं उभे. मी म्हणालो, मी पाणी प्यायला गेलो होतो. मला काही दिसलं नाही. ते वहीत लिहून घेतलं. त्या पोराच्या चुकीनं झालं असं ठरलं. संध्याकाळी मुकादमानं चहा पाजला. म्हणाला, "कवी, शहाणा आहेस." दुसऱ्या दिवशी माझं नाव पाळीच्या यादीत होतं. घरात बाप आजारी, बहिणीची फी बाकी. माझी धारण पाचावर बसली होती.

वायरखाली गेलो नाही तेव्हा सगळे मला भ्याड म्हणाले. तेव्हा मी भ्याड नव्हतो, मला दिसत होतं म्हणून मी भ्यालो होतो. आणि खोटं बोललो तेव्हा मला कुणीच भ्याड म्हटलं नाही. शहाणा म्हटलं. त्या दिवशी मी भ्याड होतो.

म्हणून मला हा शब्द फेकून द्यायचा नाही. त्यांच्या हातातून काढून घ्यायचाय. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा. भिणं म्हणजे भ्याडपणा नाही, ते शरीराचं काम आहे, डोळ्यांसारखं. आपल्या भीतीची किंमत दुसऱ्याच्या पायानं चुकवणं, याला भ्याडपणा म्हणायचं. यात बाई येत नाही, बकरी येत नाही, जात येत नाही. यात मी येतो.

कायदासुद्धा भीतीला मानतो, हे मी नंतर वाचलं. संसदेनं २०२० साली कामगारांच्या सुरक्षेची संहिता केली. कामाच्या जागी जिवाला धोका आहे अशी वाजवी भीती वाटली तर ते मालकाच्या ध्यानात आणून द्यायचा कामगाराला हक्क आहे, मालकानं लगेच उपाय करायचा आहे, असं तिच्यात लिहिलंय. वाजवी भीती! मुकादम ज्याला बांगड्या म्हणतो त्याला कायदा वाजवी म्हणतो. पण कायदा कागदावर असतो आणि यादी मुकादमाच्या खिशात.

परवा सकाळी मी माझा जबाब बदलायला जाणार आहे. मी तिथं होतो, वायरच्या तारा तुटलेल्या होत्या, मी सांगितलं होतं आणि मुकादम हसला होता, एवढं चार ओळीत लिहिलंय. त्या पोराला काल रुग्णालयात जाऊन वाचून दाखवलं. ते म्हणालं, "भैया, तुम्हारा काम चला जाएगा." पाय त्याचा गेलाय आणि काळजी माझ्या कामाची. बाकीच्या पाचांना विचारलं. दोघं हो म्हणाले, दोघं काही बोलले नाहीत, एक शिव्या देऊन निघून गेला. जे बोलले नाहीत त्यांना मी भ्याड म्हणणार नाही. परवापर्यंत मीही त्यांच्यातलाच आहे.

मला भीती वाटते. आत्ता बोलतानाही हात ओले झालेत. एकट्यानं दारातून आत जाता येईल की नाही सांगता येत नाही. म्हणून ही टाळी नको. परवा सकाळी साडेनऊला इथंच, वाचनालयाच्या पायरीवर उभा राहतो. ज्यांना यायचंय त्यांनी या. घोषणा द्यायच्या नाहीत, बांगड्या आणायच्या नाहीत. नुसतं मागं उभं राहायचं. आजपर्यंत आपल्या पाठीमागं ब्रह्मराक्षस होता. परवा माणसं असू द्या.

जयभीम.